खजुराचे जहाज आणि रमजानचा चांद

दुबईच्या जेबेल अली बंदरातून निघालेले जहाज चार-पाच दिवसांत न्हावाशेवाला लागते. तरीही इफ्तारच्या खजुराची मागणी आयातदार काही महिने आधीच नोंदवतात. समुद्रातला प्रवास हा हिशेबातला लहानच भाग. थंड कंटेनर मिळायला हवा, जहाजात जागा हवी. इकडे कस्टम्स, मग अन्नसुरक्षा खात्याचे नमुने. अहवाल येईपर्यंत माल अडकतो, आणि मोफत मुदत संपली की भाडे रोज चढते. ते शेवटी गिऱ्हाइकाकडूनच वसूल होते.

मदिनेच्या अजवा खजुराचे दुखणे वेगळे. जेद्दा तांबड्या समुद्रावर. तिथून भारताची वाट बाब-अल-मंदेबमधून जाते, आणि नोव्हेंबर २०२३ पासून हुथींनी जहाजांवर हल्ले केले ते याच टापूत. ट्युनिशिया, अल्जीरियाच्या खजुराला सुएझ टाळून आफ्रिकेला वळसा घालायचा, तर किमान दोन आठवडे जादा.

रमजान मात्र थांबत नाही. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान. २०२४ मध्ये पहिला रोजा १२ मार्चला होता, २०२५ मध्ये २ मार्चला. शीतगृह असलेला मोठा व्यापारी हंगामातच, ऑगस्ट-ऑक्टोबरच्या सुमारास काढणी झालेला माल भरून ठेवतो. हातगाडीवाल्याला ते कुठले परवडायला? तो शेवटच्या आठवड्यात मिळेल त्या भावाने घेतो. ईदनंतर उरलेल्या पेट्यांना तो भाव येत नाही. २०२५ मध्ये महाशिवरात्रही २६ फेब्रुवारीला होती, म्हणजे उपवासाचा खजूरही त्याच पेटीतला.