अंथरूण ट्रकचं, पाय बॅटरीचे

आधीच एक खुलासा करून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. मी लिथियम बॅटरीच्या विरोधात नाही, आणि सोलरच्या तर मुळीच नाही. आमच्या कॅम्परमध्ये दोन्ही आहेत. माझं भांडण आहे ते "आणखी मोठी घ्या" या मंत्राशी. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या ट्रक कॅम्परवाल्यांमध्ये हा मंत्र इतका रुजलाय, की मुळात आपल्याला वीज किती लागते हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

ज्यांना ट्रक कॅम्पर म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात अख्खी एक खोली बसवायची. तिच्यात पलंग, शेगडी, छोटा फ्रिज, पाण्याची टाकी, जमलं तर संडाससुद्धा. ही खोली ओढायची नसते, ट्रकच्या पाठीवर वाहायची असते. म्हणून जिथे मोठ्या आरव्ही जाऊ शकत नाहीत अशा कच्च्या रस्त्यांवरही ती जाते. आम्ही ओरेगनमध्ये राहतो. इथून दिवसभर गाडी हाकली की अल्व्होर्डचं वाळवंट येतं. आजूबाजूला मैलोन् मैल ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची सरकारी जमीन. तिथे साधारणपणे चौदा दिवस फुकट राहता येतं. वीज नाही, नळ नाही, शेजारी नाही. तिथे जायचं तेच मुळी यासाठी.

आता गंमत बघा. अशा जागी जायला निघालेला माणूस आधी काय करतो, तर चारशे-सहाशे अँपिअर-अवरची बॅटरी, छतावर मावतील तेवढी पॅनेलं आणि तीन हजार वॉटचा इन्व्हर्टर बसवतो. का? तर एसी चालला पाहिजे, मायक्रोवेव्ह चालला पाहिजे, इलेक्ट्रिक केटल चालली पाहिजे. म्हणजे घरी जे जे होतं ते सगळं. मग घर काय वाईट होतं?

जुनी व्यवस्था चांगली होती असं मात्र माझं म्हणणं नाही. बरेच कॅम्पर कारखान्यातून येतात ते एका लीड-ॲसिड बॅटरीवर, आणि ती खरोखरच अपुरी पडते. हे तंत्र १८५९ सालचं, गॅस्तों प्लांते या फ्रेंच माणसाचं. बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की तिचं आयुष्य भराभर संपतं. म्हणजे लेबलवर १०० लिहिलेलं असलं तरी हातात ५०. वजन मात्र पंचवीस-तीस किलो. त्याच आकाराची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बारा-तेरा किलोची असते आणि त्यातले ऐंशी-नव्वद बिनधास्त वापरता येतात. या रसायनावरचा १९९७ सालचा शोधनिबंध टेक्सास विद्यापीठातला. त्यावर जॉन गुडइनफ यांच्याबरोबर पाधी आणि नंजुंदस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत हे वाचून मला उगाचच बरं वाटलं होतं. तेव्हा लीड काढून लिथियम घाला, माझी काहीच हरकत नाही. पण किती घालायची?

हे ठरवायला दुकान उपयोगाचं नाही, वही लागते. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं बाहेर असतो तेव्हाच्या एका दिवसाचा हा हिशेब, बारा व्होल्टवरच्या अँपिअर-अवरमध्ये: कॉम्प्रेसरचा फ्रिज ३५, फर्नेसचा पंखा रात्रभरात मिळून पाच तास फिरतो त्याचे १८, एलईडी दिवे ३, छतावरचा पंखा हळू चालवून ४, पाण्याचा पंप २, लॅपटॉप आणि दोन फोन ८, गॅसगळतीचा अलार्म आणि किरकोळ २. एकूण ७२. फ्रिज गॅसवरचा असेल तर हा आकडा आणखी बराच खाली येतो. (फक्त गाडी कलती उभी असली की तो फ्रिज कुरकुर करतो.)

७२! म्हणजे दोनशेची लिथियम बॅटरी भरलेली असली तर सूर्याचं तोंडही न बघता दोन दिवस आरामात जातात. छतावर तीनशे वॉट असतील तर उन्हाळ्यात चांगल्या दिवशी नव्वदच्या आसपास परत मिळतात. खर्चापेक्षा जमा जास्त. यापुढे घातलेला प्रत्येक डॉलर कुठे जातो, हे स्वतःला विचारायला नको का?

तो जातो एसीकडे. छतावरचा नेहमीचा एसी चालू असताना इन्व्हर्टरची तूट धरून दीड हजार वॉटच्या आसपास खातो. रात्रीच्या आठ तासांत कॉम्प्रेसर निम्माच वेळ फिरला असं उदार मनाने धरलं, तरी सहा हजार वॉट-अवर. शंभर अँपिअर-अवरच्या एका लिथियम बॅटरीत असतात १२८०. म्हणजे एका रात्रीच्या गारव्यासाठी जवळजवळ पाच बॅटऱ्या, आणि त्या दुसऱ्या दिवशी उन्हावर भरायच्या तर दोनशे वॉटची सात-आठ पॅनेलं. छतावरच्या खिडक्या, पंखा आणि खुद्द एसीचं धूड वगळून एवढी जागा ट्रक कॅम्परवर क्वचितच उरते. आणि त्याच रात्री पाच हजार फूट चढून गेलं तर गारवा फुकट मिळतो. चाकं असलेल्या घराचा हाच तर फायदा आहे!

पण पैशाचं मी एक वेळ सोडून देईन. ज्याचे त्याचे पैसे. वजनाचं सोडता येत नाही, कारण त्या रस्त्यावर माझी गाडीही असते.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळं-पांढरं लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, तो आकडा त्या गाडीपुरता तिथे छापलेला असतो. समजा तो ३००० पौंड आहे. कॅम्पर रिकामा २३००. तीस गॅलन पाणी २५०. गॅसच्या दोन टाक्यांमधला गॅस ४०. दोन माणसं ३२०. झाले २९१०. उरले ९० पौंड, आणि अजून कपडे, किराणा, भांडी, खुर्च्या चढायच्याच आहेत. त्यात ब्रोशरमधल्या रिकाम्या वजनात बऱ्याचदा बॅटरी, एसी, ऑनिंग धरलेलं नसतं. अशा गाडीवर चार लिथियम बॅटऱ्या, चार जड काचेची पॅनेलं, मोठा इन्व्हर्टर आणि अंगठ्याएवढ्या जाड केबली म्हणजे अडीचशे पौंडांच्या पुढे. जुनी बॅटरी काढली त्याचे साठ वजा करा. राहिलेलं ओझं कुठून आणणार? त्यातलं निम्मं तर छतावर, म्हणजे गाडीचा तोल आणखी वर सरकला. घाटात वळणावर ब्रेक दाबताना बॅटरीत किती टक्के चार्ज आहे याला काही किंमत नसते.

"पण लिथियमने वजन कमी होतं ना?" हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय! होतं, जर तुम्ही एका जागी एक ठेवलीत तर. एकाच्या जागी चार ठेवल्यावर कसलं कमी? साखर कमी केली म्हणून चार कप चहा पिणाऱ्यातला प्रकार.

दुसरा भ्रम हिवाळ्याचा. "पॅनेलं दुप्पट केली की डिसेंबरातही चालतं." ओरेगन ४५ अक्षांशाच्या आसपास. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य इथे क्षितिजापासून जेमतेम साडेएकवीस अंश वर येतो. छतावर सपाट पडलेल्या पॅनेलला त्या सरळ किरणांचा एकतृतीयांशाहून थोडा जास्त हिस्सा मिळतो, आणि तोही दुपारी, तोही ढग नसले तर. म्हणजे छतावर आठशे वॉट चढवून तुम्ही जूनमधली न लागणारी वीज विकत घेतलीत, डिसेंबरची नाही. त्यापेक्षा घडी घालून ठेवता येणारं एक सुटं पॅनेल न्यावं, जमिनीवर सूर्याकडे तोंड करून उभं करावं. गाडी सावलीत आणि पॅनेल उन्हात, हे छतावरच्या पॅनेलला कधीच जमणार नाही.

आणि ट्रकला इंजिन असतं हे लोक विसरतात की काय? कॅम्परकडे जाणारी कारखान्यातली वायर बारीक असते, तिच्यात व्होल्टेज गळतं, शिवाय हल्लीचे अल्टरनेटर पेट्रोल वाचवायला स्वतःच व्होल्टेज खाली आणतात. त्यावर उपाय म्हणजे जाड वायर आणि मध्ये एक डीसी-डीसी चार्जर. तीस अँपिअरचा बसवला तर दोन तासांच्या प्रवासात साठ अँपिअर-अवर, म्हणजे आमचा बहुतेक दिवस वसूल. ढग असोत, रात्र असो. पण हा डबा कुठेतरी आत लपलेला असतो, छतावरच्या पॅनेलांसारखा मिरवता येत नाही. म्हणून त्याची पाळी शेवटी येते.

न दिसणाऱ्या सगळ्याच गोष्टींचं हे असं आहे. दोन हजार वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर बारा व्होल्टच्या बाजूने दोनशेच्या आसपास अँपिअर ओढतो. एवढा प्रवाह बारीक वायरमधून नेला तर वायर तापते. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात हजारो अँपिअर सोडू शकते, म्हणून बॅटरीच्या अगदी जवळ नीट क्षमतेचा, क्लास टी प्रकारचा फ्यूज हवा. पॅनेलांवर हजार डॉलर घालणारा माणूस फ्यूजवर पन्नास घालताना कां कूं करतो, हे मी पाहिलंय. ती केबल जिथून जाते तिथून हातभर अंतरावर लोक झोपतात हो!

विकणारेही कमी नाहीत. "सोलर रेडी" असा स्टिकर लावलेला कॅम्पर दाखवताना एका विक्रेत्याने मला असं भासवलं की आता फक्त ऊन लागायचं बाकी आहे. उघडून बघितलं तर बाजूला एक सॉकेट आणि तिथून बॅटरीपर्यंत एक वायर. बस्स. कंट्रोलर नाही, पॅनेल नाही. जुना चार्जरही तसाच, १३.६ व्होल्टवर थांबणारा, ज्याच्यावर लिथियम धड भरत नाही. आणि बॅटरीचा कप्पा बाहेरच्या हवेला उघडा. लीड-ॲसिडला तो तसाच लागतो, कारण तिच्यातून हायड्रोजन निघतो. लिथियमला मात्र शून्य अंशाखाली चार्ज करायचं नसतं, ती उबेला आत हवी. हे कोणी सांगत नाही. मोठ्ठी बॅटरी घ्या, एवढंच सांगतात.

आता उलट बाजू. कोणाला झोपताना सीपॅपचं मशीन लागतं, कोणी गाडीतूनच नोकरी करतं, कोणाबरोबर म्हातारी आई असते. त्यांनी अवश्य मोठी बॅटरी घ्यावी. त्यांचा आकडा ७२ नसेल, १५० असेल. पण तो त्यांचा आकडा असेल, शेजाऱ्याचा नाही. माझा आग्रह लहान बॅटरीचा नाहीच, हिशेबाचा आहे.

आमचे एक स्नेही यावर म्हणतात, "तुझं हे सगळं पुणेरी चिकटपणाचं तत्त्वज्ञान आहे." असेलही. पण मला वाटतं हे तत्त्वज्ञान नसून लोडशेडिंगचं शिक्षण आहे. २००५ ते २०१२ च्या दरम्यान ज्यांनी महाराष्ट्रात ते भोगलंय त्यांना आठवत असेल, घरात एक इन्व्हर्टर आणि एक बॅटरी, आणि घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असायचं की दोन पंखे, दोन ट्यूब चालतील, फ्रिज-गिझर-मिक्सर नाही. त्यात कोणाला पराक्रम वाटत नव्हता, की हालही. मर्यादा माहीत होती आणि तिच्यात संध्याकाळ बरी जायची. तीच माणसं इथे येऊन वाळवंटात मायक्रोवेव्ह चालत नाही म्हणून हळहळतात, तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही.

असो. पाल्हाळ पुरे. कॅम्परचं काम काढायचं असेल तर क्रम माझ्या मते असा: आधी जुने बल्ब काढून एलईडी, मग शंट लावलेला बॅटरी मॉनिटर (लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सारखंच राहतं, नुसत्या व्होल्टमीटरवरून काही कळत नाही), मग दोन-तीन मुक्कामांची वही, मग वायर-फ्यूज आणि डीसी-डीसी चार्जर, मग बॅटरी, आणि सगळ्यात शेवटी पॅनेल. आणि हे सगळं करायच्या आधी, टाक्या भरून, माणसं बसवून, ट्रक एकदा वजनकाट्यावर घेऊन जा. हमरस्त्यावरच्या ट्रक स्टॉपवर तो असतो, फार पैसेही पडत नाहीत. तो आकडा दारावरच्या लेबलशेजारी लिहा आणि मग मला सांगा, चौथी बॅटरी कुठे ठेवणार ते.