जपानीचा पहिला वर्ग मराठीतून भरू द्या

गोवंडीहून हार्बर लोकलने कुर्ला, तिथून बस किंवा शेअर रिक्षा, की वांद्रे-कुर्ला संकुल आले. तिथेच जपानच्या शिंकानसेन तंत्रावर धावणाऱ्या मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचे भुयारी स्थानक बांधले जात आहे. अटल सेतू आणि कुलाबा–वांद्रे–सीप्झ मेट्रो हेही जपानी कर्जाच्या आधाराने उभे राहिले. मात्र जपानी भाषा गोवंडीच्या मुलांना परकी आणि इंग्रजी पक्के असलेल्यांसाठी राखून ठेवलेली वाटते. हा समज मोडायचा तर विद्यापीठांनी शून्यापासून सुरुवात करणाऱ्यांचा जपानी वर्ग मराठीतून भरवायला हवा.

मुळात ही भाषा मराठी माणसाला वाटते तितकी अनोळखी नाही. 'मी शाळेला जाते' या वाक्यात शाळा आधी, 'ला' तिच्या मागे आणि क्रियापद शेवटी. जपानी विद्यार्थिनी म्हणते, 'वाताशी वा गाक्कोऽ नि इकिमासु.' तीच रांग, तसाच मागून लागणारा 'नि'. इंग्रजीतून शिकणाऱ्याला मात्र हे सगळे आधी उलटे मांडून मग सुलटे करावे लागते. नामांचे लिंग पाठ करण्याचा जाचही जपानीत नाही.

लिपीचे नाते तर आणखी जुने. हिरागाना या जपानी अक्षरमालेचे स्वर अ, इ, उ, ए, ओ या क्रमाने येतात आणि पुढच्या ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व अशा. हा क्रम जपानी बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून आला. 'स'ची ओळ आपल्या च-वर्गाच्या जागी बसते, 'ह'ची प-वर्गाच्या, कारण प्राचीन जपानीत 'ह'चा उच्चार 'प'च्या जवळचा होता. ज्या मुलाला बालवाडीत वर्णमाला घोकायला लावली, त्याला हा तक्ता पहिल्याच तासाला ओळखीचा वाटेल. ही जोड त्याला दाखवून देणारा शिक्षक तेवढा हवा.

पुढची वाट कष्टाची आहे, हेही सांगायला हवे. काताकाना या दुसऱ्या अक्षरमालेतले 'शि' आणि 'त्सु' नवशिक्याला हमखास फसवतात: दोन छोट्या रेघा आणि एक लांब फटकारा, पण 'शि'चा फटकारा खालून वर जातो, 'त्सु'चा वरून खाली. मग येते कांजी, म्हणजे चिनी चित्रलिपीतून आलेली चिन्हे. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या सरकारी यादीतच 2136 चिन्हे आहेत. त्यांच्यापुढे मराठीचा काही उपयोग नाही. चौकटीची वही घ्यायची, रेघांचा क्रम पाळायचा आणि रोज गिरवायचे. म्हणूनच आठवड्यातून एखादा तास देऊन भागणार नाही.

पुण्याने ही वाट कधीच तुडवली आहे. पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवली जाते. एन5 ते एन1 अशा पाच पायऱ्यांची जेएलपीटी ही जपानी प्रावीण्य परीक्षा मुंबई आणि पुण्यात देता येते.

मुंबईत गरज मोठी आहे. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात गोवंडीचा एम-पूर्व विभाग शहरातल्या सगळ्या विभागांत तळाशी होता. कामाची एक वाट मात्र खुली आहे: जपानच्या कुशल कामगार योजनेसाठी भारताने जानेवारी 2021 मध्ये करार केला. त्या मार्गाने जायचे तर सहसा एन4 किंवा तोडीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. रुग्णसेवा हेही त्यातले एक क्षेत्र आहे. ऑगस्ट 2025 मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत 50,000 कुशल भारतीय जपानला पाठवण्याचे उद्दिष्ट ठेवले. ही तयारी फक्त महागड्या खासगी वर्गांच्या हाती राहिली, तर फी भरू शकणारेच पुढे जातील.

'शिक्षक कुठून आणणार?' हा आक्षेप रास्त आहे. पण 2017 च्या भारत–जपान करारात पाच वर्षांत 1000 शिक्षक घडवण्याचे ठरले होते. शिवाय पुण्यात शिकून तयार झालेली मराठी माणसे आहेत. त्यांना तासिका तत्त्वावर ताटकळत न ठेवता पूर्णवेळ पदे द्यावीत.

मुंबई विद्यापीठाचे विद्यानगरी संकुल कलिन्यात आहे, कुर्ल्यापासून जवळ. तिथे आणि पूर्व उपनगरांतल्या महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षी श्रेयांकांसह, आठवड्याला किमान चार तास जपानी हवी. समजावणे मराठीतून, आणि गोवंडीसारख्या वस्तीत हिंदी-उर्दूतूनही, कारण त्यांचीही वाक्यरचना अशीच आहे. फी अनुदानित अभ्यासक्रमाइतकी ठेवावी आणि पहिल्या जेएलपीटीचे शुल्क विद्यापीठाने भरावे. येत्या शैक्षणिक वर्षाच्या अभ्यासक्रमात हे बसवण्याचा निर्णय विद्यापीठाने आताच घ्यावा.