हप्ता आणि हिशेब

काल रात्री न्यू जर्सीहून नातवाचा फोन आला. "आजोबा, स्पोर्ट सेडान लीजवर घेतोय. ३६ महिने, महिना ७४० डॉलर. ठीक आहे ना?"

मी आयुष्यभर स्कूटरवर शाळेत गेलो, मला मोटारीतलं काय कळणार! पण लीज म्हणजे आपल्याकडचा खंडच, आणि सरळव्याज तर मी वर्षानुवर्षं शिकवलंय. म्हटलं, आकडे सांग.

ठरलेली किंमत ४५,००० डॉलर. तीन वर्षांनंतरची धरलेली किंमत २७,०००. घट १८,०००, म्हणजे महिना ५००. मग वरचे २४० कसले? कर तर वेगळाच. ते व्याज! तिकडे त्याला 'मनी फॅक्टर' म्हणतात: ०.००३३३. दोन्ही किमतींच्या बेरजेला त्याने गुणायचं. दिसायला चिमुकला, पण २४०० ने गुणला की वार्षिक दर निघतो, ८ टक्के. (२४०० का? सरासरीचे २, महिने १२, शेकडा १००.) नातवाची बँक ६ टक्क्यांनी कर्ज देत होती. त्या दराने हप्ता ६८० झाला असता. तीन वर्षांत फरक २,१६० डॉलरचा!

करारात व्याजाची एकूण रक्कम छापावी लागते, दर छापायची सक्ती नाही. म्हणून विक्रेता हप्त्याचंच बोलतो. आपल्या गुजरीत दर आणि मजुरी वेगळी विचारल्याशिवाय कुणी अंगठी घेतं का?

माझ्या मते भाव महाग आहे. दर ६ वर आणला तर सही कर, नाहीतर ऊठ, असं सांगितलंय.

त्याच्या आजीचा प्रश्न वेगळाच. तीन वर्षांनी परतच द्यायची तर घ्यायची कशाला?