गाडीची जन्मपत्रिका

आपल्याकडे जुन्या मोटारीचे मूळ विचारले की हमखास एखादा महाराजा पुढे येतो. गाडी कुणी बांधली, कुणासाठी, कोणत्या साली, याची चौकशी कुणी करत नाही. "संस्थानिकांची होती" म्हटले की इतिहास संपला! माझे म्हणणे असे की गाडीचे मूळ आख्यायिकेत नसते, कागदात असते.

हंसाच्या आकाराची ती प्रसिद्ध मोटार घ्या. नाभाच्या महाराजांची म्हणून ती ओळखली जाते. पण ती बांधली १९१० साली इंग्लंडातल्या लोवेस्टॉफ्टच्या ब्रुक कंपनीने, आणि तीही कलकत्त्यातल्या मॅथ्यूसन नावाच्या साहेबासाठी. रस्त्यावर एवढा गोंधळ उडाला की पोलिसांनी तिला मनाई केली. नाभाकडे ती नंतर गेली. आज ती नेदरलँड्समध्ये, हेगच्या लाउमन संग्रहालयात आहे. कारखानदार, गिऱ्हाईक, साल ठाऊक आहे, म्हणून तिची गोष्ट पक्की.

आता घरची गोष्ट. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये 'मीरा' ही छोटी मोटार तयार केली आणि पुढे वर्षानुवर्षे तिचे सुधारित नमुने बनवले. सामान्य कुटुंबाला ती १२ हजार रुपयांच्या आसपास मिळावी असा बेत होता. तिचे कारखान्यातले उत्पादन कधीच झाले नाही. १९८३ साली मारुती ८०० मात्र आली. मोठ्या कंपनीचा नमुना मोडीत गेला तरी दप्तरात आराखडे उरतात. एकट्या माणसाच्या गाडीला दप्तर कुठले? घरातली बिले, फोटो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची आठवण, एवढेच.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. चांगलेच झाले. पण आधी नोंदलेल्या गाडीला जुने नोंदणीपुस्तक लागते, परदेशातून आणलेलीला आयातीचा कागद. म्हणजे कागद हरवलेली गाडी कायद्यालाही अनोळखीच! आमच्या गोव्यात तर १९६१ पूर्वीचे सरकारी कागद पोर्तुगीज भाषेत. नातवंडांना वाचता येत नाहीत, मग रद्दीत जायला कितीसा वेळ?

तेव्हा मंडळी, आजोबांची गाडी विकायची तर खुशाल विका. पण आधी चॅसी आणि इंजिनाचा क्रमांक उतरवून घ्या, फोटोमागे नाव आणि साल लिहा, म्हाताऱ्या मेकॅनिकला दोन प्रश्न विचारा. पत्रा पुन्हा ठोकून घेता येतो. हरवलेली माहिती मात्र कुठल्याच गॅरेजात मिळत नाही.