तंबाखूचा गंध कोणाला, धूळ कोणाला?

श्रीमंतांच्या शौकांना हल्ली भूगोलाची जोड मिळाली आहे. चहा कोणत्या मळ्याचा आणि कॉफी कोणत्या डोंगराची हे कळल्यावाचून पेला ओठाला लागत नाही. चिरुटाची आणि पाइपच्या तंबाखूची गतही आता तीच आहे. हवानाचे नाव सर्वतोमुखी झाल्यामुळे त्यात मिजास उरली नाही, म्हणून रसिकांची दृष्टी आडबाजूच्या मुलखांकडे वळली. सुमात्रातील देलीचे वेष्टनपान, जावातील जेंबरचे पान, कॅमेरूनचे पातळ पान, सिरियाच्या बंदराचे नाव मिरवणारी धुरावलेली लताकिया, लुइझियानातील सेंट जेम्स परगण्यात पिंपात दाबून आंबवलेली पेरीक, या नावांची चर्चा चकचकीत पुरवण्यांतून अशी चालते की जणू संगीतातील घराण्यांचीच चर्चा चालली आहे. आपल्या देशातील दोनचार मुलखांचाही उल्लेख त्यात कौतुकाने होतो. मग बाजारपेठेचे भाट पुढे सरसावतात आणि शेतकऱ्याला उपदेश करतात : तुमच्या मातीचे नाव जगात जाऊ द्या, भौगोलिक मानांकन मिळवा, भाव आपोआप येईल.

भाव येतो हे खरे. तो कोणाकडे येतो, एवढाच प्रश्न आहे, आणि तोच या मंडळींनी खुबीने टाळला आहे.

आमच्या हिमायतनगरच्या उत्तरेस पैनगंगा वाहते. तिचे पाणी वर्धेला, वर्धेचे प्राणहितेला आणि प्राणहितेचे गोदावरीला मिळते. ती गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली समुद्राकडे जाताना पात्रात गाळाची बेटे तयार करते. तेलुगू माणूस या बेटांना 'लंका' म्हणतो. पुराने टाकलेल्या या गाळात पिकणारी 'लंका तंबाखू' चिरुटासाठी शेदीडशे वर्षे नावाजलेली आहे. ती दक्षिणेकडे तिरुचिरापल्लीला जाई. तेथील चिरूट साहेबांच्या तोंडी इतके रुळले की शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत राखेवरून 'त्रिचनापल्ली' चिरूट ओळखला जातो. चर्चिललाही हेच चिरूट प्रिय होते अशी आख्यायिका तिकडे अजून अभिमानाने सांगितली जाते. (हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याला ज्याने अखेरपर्यंत विरोध केला त्याच्या ओठांनी आपल्या मालाला प्रतिष्ठा यावी, ही गुलामीची सवय किती चिवट!) खुद्द 'चिरूट' हा शब्दही तमिळ 'सुरुट्टु'वरून जगभर गेला. माती नामांकित, माल नामांकित, शब्दसुद्धा आपला. असे असता लंकेतील कुळाच्या घरावर सोन्याची कौले चढली काय?

ती चढली नाहीत, याचे कारण अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजावे इतके साधे आहे. उत्तम जमिनीचा अधिक लाभ खंडाच्या रूपाने जमीनमालकाकडे जातो, असे रिकार्डोने १८१७ साली सांगितले. तंबाखूच्या बाबतीत त्याच्या पुढची एक पायरी आहे. हिरवे पान ही किंमतवान वस्तू नव्हेच. ते वाळवावे लागते, ढिगात घालून आंबवावे लागते, पुनःपुन्हा पालटावे लागते आणि महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे वखारीत मुरू द्यावे लागते. पेरीक तर पिंपातच वर्षभर राहते. गंध शेतात जन्मत नाही, तो वखारीत जन्मतो, आणि वखारीत माल ठेवून थांबण्याची ऐपत ज्याच्याजवळ आहे त्याचीच त्या गंधावर मालकी असते. शेतकऱ्याला थांबता येत नाही. त्याला सावकाराचे देणे, खताची उधारी आणि पुढचा हंगाम दिसत असतो. पानाला खरी किंमत येण्याच्या आधीच ते त्याच्या हातून सुटते. मातीच्या नावाची पाटी मग कोणाच्या दुकानावर लागेल हे वेगळे सांगावयास नको.

देलीचेच पाहा. जगातील उत्तम वेष्टनपान म्हणून त्याची ख्याती. १८६३ साली निनहायस नावाचा डच व्यापारी तेथे उतरला, १८६९ साली देली कंपनी उभी राहिली, आणि जंगल तोडून मळे उठले. त्यांवर राबण्यास चिनी आणि जावानी मजूर करारावर आणले गेले. १८८०च्या कायद्याने करार मोडणाऱ्या, म्हणजे मळा सोडून पळणाऱ्या मजुरास फौजदारी शिक्षेची तरतूद झाली. तेथील छळाची सरकारी चौकशी रेमरेव्ह नावाच्या अधिकाऱ्याने केली, परंतु तिचा अहवाल डच सरकारने दाबून ठेवला. गुजरातच्या शेतमजुरांवरील अभ्यासामुळे आपल्याला परिचित असलेले यान ब्रेमन यांनी तो १९८७ साली उजेडात आणला. ही फौजदारी शिक्षा रद्द होण्याची वेळ आली ती तरी कशामुळे? डच अंतःकरणाला पाझर फुटला म्हणून नव्हे. १९३०च्या अमेरिकन जकात कायद्याने अशा वेठीच्या श्रमांच्या मालाला दार बंद करण्याची भाषा केली, तेव्हा मळेवाल्यांना माणुसकी आठवली. आजही चित्र फार पालटले आहे असे नाही. मलावीच्या तंबाखूतील वेठीच्या श्रमांमुळे नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेने तो माल सीमेवर रोखला होता.

क्यूबाची गोष्ट थोडी निराळी आहे. १८६५ साली हवानाच्या 'एल फिगारो' कारखान्यात चिरूट वळणाऱ्या कामगारांनी आपल्या मजुरीतून वर्गणी काढून एक वाचक नेमला. हात वळत राहात, कान वर्तमानपत्र ऐकत. पुढच्याच वर्षी स्पॅनिश गव्हर्नराने हे वाचन बंद पाडले, यावरून त्याचे सामर्थ्य ध्यानात यावे. ती प्रथा मात्र मेली नाही. १९६० साली हे कारखाने राष्ट्रीयीकृत झाले. तेथे सारे आलबेल आहे असा भाबडा दावा मी करणार नाही. पण चिरूट वळणारा माणूस श्रोता आणि नागरिक असू शकतो, हे त्या बाकांवर सिद्ध झाले.

मराठी माणसाला यासाठी क्यूबापर्यंत जाण्याचे कारण नाही. निपाणी आहे. सीमाभागातील त्या काळ्या मातीची विडीची तंबाखू साऱ्या देशात नावाजलेली, आणि गावाचे वैभव वखारींचे. मार्च १९८१ मध्ये तेथील तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगलोर महामार्गावर ठाण मांडले. तीन आठवड्यांहून अधिक काळ हजारो शेतकरी बायकामुलांसह रस्त्यावर राहिले. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकऱ्यांचे मुडदे पडले. नामांकित तंबाखूला वाजवी भाव मागण्याची ही किंमत. त्या वेळी मानांकनाचा सल्ला देणारे कोठे होते?

निपाणीची दुसरी गोष्ट याहून कमी सांगितली जाते. वखारींत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या, निवडणाऱ्या हजारो स्त्रिया होत्या. बंद खोली, नाकातोंडात जाणारा तिखट गर्दा, खोकला, ओकाऱ्या, आणि वर मुकादमाची अरेरावी. प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस या बायका संघटित झाल्या. युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट केला. आणि हेच सुभाष जोशी शेतकऱ्यांच्या आंदोलनातही आघाडीवर होते. वखारवाला हा शेतकऱ्याचाही गिऱ्हाईक आणि त्या बाईचाही मालक, हे निपाणीत लोकांना उमगले होते. शेतमालाच्या भावाची लढाई आणि मजुरीची लढाई परस्परविरोधी आहेत असे मानणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पंडितांनी या गावाचा अभ्यास करावयास हवा होता. आपल्या पक्षानेही तो किती केला, हा प्रश्न मी येथे विचारून ठेवतो.

आता आपल्या सरकारची नीती पाहा. १९७५च्या कायद्याने तंबाखू मंडळ स्थापन झाले, गुंटूरला कचेरी आली, १९८४पासून लिलावाचे कट्टे सुरू झाले. पण कोणासाठी? सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूसाठी. निपाणीची वा चरोतरची विडीची तंबाखू आणि कुचबिहारची हुक्क्याची 'मोतिहारी' यांच्यासाठी या मंडळाचे लिलाव नाहीत, त्यांचा उत्पादक व्यापाऱ्यासमोर एकटा. जी तंबाखू परदेशी कंपन्यांना हवी तिला कट्टा, जी गरीब ओढतो तिला अडत्या.

येथेच आमचा मुलूख या कथेत येतो. हिमायतनगरपासून किनवट-माहूरकडे पसरलेल्या डोंगरपट्ट्यात टेंभुर्णीची झाडे आहेत. जगाच्या चिरुटाला सुमात्राचे वेष्टनपान लागते, हिंदुस्थानच्या विडीला टेंभुर्णीचे. एप्रिल-मेच्या उन्हात पहाटे उठून, अस्वलाची भीती मनात धरून, आदिवासी आणि बंजारा कुटुंबे पाने तोडतात, दुपारी घरभर बसून सत्तर सत्तर पानांची पुडकी बांधतात आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर मोजून देतात. १९६९च्या कायद्याने हा व्यापार सरकारने हाती घेतला, म्हणजे व्यवहारात ठेकेदाराला लिलावाने दिला. ते पान सोलापूर, सिन्नर किंवा पलीकडे निजामाबादला जाते आणि तेथील स्त्रियांच्या हातून विडी होऊन बाहेर पडते. त्या बंडलावर ना टेंभुर्णीच्या जंगलाचे नाव, ना तंबाखूच्या गावाचे, ना वळणाऱ्या बाईचे. पुष्कळदा कारखानदाराचा फोटो मात्र असतो, फेटा बांधलेला! श्रमाचे श्रेय कोणाचे, हे इतक्या निर्लज्जपणे छापून सांगणारा दुसरा माल मला माहीत नाही.

या स्त्रियांसाठी विडी व सिगार कामगार अधिनियम १९६६ साली झाला, कल्याण निधीचा कायदा १९७६ साली. विडीवरील उपकरातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरे यांना पैसा मिळे. सोलापुरात गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरे २००६ साली उभी राहिली. ती नरसय्या आडम यांच्या लाल बावट्याच्या चळवळीची कमाई आहे, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर रद्द झाला. विडीवर २८ टक्के आणि तेंदूपत्त्यावर १८ टक्के कर बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये परिषदेने हे दर अनुक्रमे १८ आणि ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. कारखानदारांनी स्वागत केले, साहजिकच आहे. उपकर मात्र परत आला नाही. आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या श्रमसंहिता लागू होऊन १९६६चा तो स्वतंत्र कायदाही इतिहासजमा झाला. मालकाला करसवलत, कामगाराच्या कायद्याला मूठमाती, आणि दोन्ही अवघ्या तीन महिन्यांच्या आत!

आपल्यातील काही साथी यावर म्हणतील, आणि म्हणतातही, की तंबाखू हे विष आहे, त्याच्या भावासाठी आणि मजुरीसाठी समाजवाद्यांनी का भांडावे? राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेल्या माणसाच्या मनात हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे, आणि मी त्याची टिंगल करणार नाही. तंबाखूने माणसे मरतात हे निर्विवाद आहे. परंतु विष म्हणून हात झटकल्याने एकही विडी कमी वळली जात नाही, फक्त ती वळणाऱ्या बाईच्या बाजूने बोलणारा कोणी उरत नाही. भारताने २००४ साली तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय करारास मान्यता दिली. त्याच्या सतराव्या कलमात उत्पादकांना व कामगारांना परवडणारा पर्यायी रोजगार मिळावा यासाठी साहाय्य करण्याचे बंधन आहे. पुड्यावर सडलेल्या घशाचे चित्र छापणे सोपे आणि बिनखर्चाचे, म्हणून तेवढे झाले. सतरावे कलम मात्र कागदावरच आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचे उदाहरण या दृष्टीने मोलाचे आहे. वनहक्क कायद्याने जंगलाचा सामूहिक हक्क हाती आल्यावर त्या ग्रामसभेने तेंदूपत्ता न तोडण्याचा ठराव केला. तोडीसाठी झाडे छाटली जातात, जाळ लावला जातो, आणि पान तंबाखू गुंडाळण्यास जाते. त्यापेक्षा टेंभरे खाल्लेली बरी, असा त्यांचा हिशेब. गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांनी उलट निर्णय घेतला. त्यांनी पान तोडले, पण लिलाव स्वतः केला. दोन्ही निर्णय मला सारखेच आदरणीय वाटतात, कारण दोन्ही मालकांचे निर्णय आहेत. विषाचा धंदा सोडण्याचे स्वातंत्र्यही त्यालाच असते ज्याची त्या धंद्यावर सत्ता असते. हिमायतनगरच्या डोंगरातील पान तोडणाऱ्या कुटुंबाला आज धरण्याचेही स्वातंत्र्य नाही आणि सोडण्याचेही नाही.

२००६च्या कायद्यात गौण वनोपजांची जी व्याख्या आहे तीत तेंदूपत्त्याचा नावानिशी उल्लेख आहे. किनवट-माहूरच्या अनुसूचित क्षेत्रात १९९६चा पेसा कायदाही आहे. असे असता आमच्या तालुक्यांतील किती गावांचे सामूहिक वनहक्काचे दावे दाखल झाले, किती तहसिलीत धूळ खात पडले, याची गाववार यादी पक्षाच्या एका तरी शाखेने केली आहे काय? तेंदूपत्त्याच्या घटकांचे लिलाव पान फुटण्याच्या आधीच उरकले जातात. एप्रिलमध्ये मोर्चा काढून काही साधत नाही, तोवर जंगल ठेकेदाराच्या नावावर चढलेले असते. दिवाळीनंतर लगेच ग्रामसभा भरवून दाव्यांचे ठराव घ्यावे लागतील आणि विडी कामगारांच्या उपकराची मागणी त्याच सभेत मांडावी लागेल. हिमायतनगर, किनवट आणि माहूरच्या कार्यकर्त्यांनी तालुका बैठकीची तारीख ठरवावी. यादीचे काम करण्यास मी तयार आहे.