घटनाबाह्य म्हणजे नेमकं काय?

'हे घटनाबाह्य आहे!' टीव्हीवरच्या चर्चेत तुम्ही हे नेहमी ऐकता. सोसायटीने पार्किंगचे पैसे वाढवले तरी कुणीतरी तेच म्हणतं. पण नियम जाचक असणं वेगळं आणि घटनाबाह्य असणं वेगळं.

तुमच्या हातातल्या मोबाइलशी जोडलेलंच उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. या बंदवर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर पोस्ट लिहिली, मैत्रिणीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली. हो, लाइक करणारीलाही! त्यांच्यावर लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं. अतिशय आक्षेपार्ह मजकूर किंवा कुणाला त्रास, गैरसोय व्हावी म्हणून पाठवलेला मेसेज, यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद. त्रास म्हणजे किती, हे मात्र कायद्यात कुठेच नव्हतं.

संसदेने केलेला कायदा म्हणजे शेवटचा शब्द, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद १३ सांगतो की, मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा त्या विसंगतीपुरता रद्दबातल असतो. बोलण्याच्या स्वातंत्र्यावर सरकार निर्बंध घालू शकतं, पण ठरावीक कारणांसाठीच. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी वगैरे. त्या यादीत 'गैरसोय' नाही.

कायद्याची विद्यार्थिनी श्रेया सिंघल आणि इतरांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ६६अ पूर्णपणे रद्द केलं. बाकीचा कायदा शाबूत राहिला. वेबसाइट ब्लॉक करण्याचा अधिकार देणारं ६९अ तर त्याच निकालात वैध ठरलं.

आणि तरीही पोलिस ठाण्यांत ६६अखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले! २०२१मध्ये हे ऐकून न्यायालयालाही धक्का बसला. कायद्याच्या पुस्तकात कलम जसंच्या तसं छापलेलं, रद्द झाल्याची नोंद फक्त तळटीपेत, अशी माहिती तेव्हा न्यायालयात देण्यात आली. अखेर ऑक्टोबर २०२२मध्ये न्यायालयाने बजावलं की, या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही.

म्हणून घरात कुणाला पोस्टवरून नोटीस आली तर घाबरण्याआधी कलमं वाचा. ६६अ दिसलं तर वकिलांना हा निकाल दाखवा. सोबतची इतर कलमं मात्र आपोआप गळत नाहीत. ती एकेक करून समजून घ्या.