अडखळणारा व्हिडिओ आणि भंगारात निघालेला संगणक

‘संगणक जुना झाला, आता नवाच घ्या’ हा सल्ला खामगाव-मलकापूरपासून लोणार-सिंदखेडराजापर्यंत सर्रास मिळतो. 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत लोकवर्गणीतून संगणक, प्रोजेक्टर बसले. शेतकऱ्यांनी पदरमोड करून दिलेला तो पैसा. एचडी व्हिडिओ अडखळतो एवढ्यावरून ती यंत्रे मोडीत काढणे मला मुळीच पटत नाही.

काहीजण म्हणतात, दोष नेटचा आहे. नेट कमी पडले तर पडद्यावर चक्र फिरते, चित्र आणि आवाज दोन्ही थांबतात. आवाज सुरळीत चालतो आणि चित्र मात्र उड्या मारते, तेव्हा नेटला बोल लावण्यात अर्थ नाही. पेन ड्राइव्हवरून आणलेली फाइलही तशीच अडखळते, ती कशामुळे?

रॅम वाढवा म्हणणाऱ्यांचेही तसेच. फुल एचडीच्या एका चित्रात वीस लाखांहून अधिक ठिपके असतात आणि सेकंदाला अशी 25-30 चित्रे लागतात. ठिपक्याला तीन बाइट धरले तरी सेकंदाला दीडशे एमबीच्या वर माहिती होते. ती दाबून अर्ध्या एमबीच्या आसपास आणलेली असते. खरे कष्ट ती परत उलगडण्याचे. ते रॅम करत नाही. एकतर ग्राफिक्समधला त्यासाठीच घडवलेला भाग करतो, नाहीतर सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

मुद्दा इथेच आहे. 2014-15 च्या इंटेल प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सचा हा भाग एच.264 या कोडेकने, म्हणजे दाबण्याच्या पद्धतीने, दाबलेला व्हिडिओ सहज उलगडतो. व्हीपी9 त्याला पूर्णपणे झेपत नाही, आणि 2018 मध्ये आलेले एव्ही1 तर त्याच्या जन्मानंतरचे. यूट्यूब बहुतेकदा हीच दोन रूपे पाठवते. व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा: कोडेकसमोर vp09 किंवा av01 दिसले आणि गळालेल्या फ्रेम्सचा आकडा वाढत राहिला, तर रोग सापडला. एच.264च मागवणारे एक्स्टेन्शन ब्राउझरला जोडले की तोच संगणक 1080पी नीट दाखवू लागतो. लोणारच्या विवराचे मोबाइलवर 4के, एचईव्हीसी या आणखी एका कोडेकमध्ये घेतलेले चित्रीकरण वर्गात दाखवायचे असेल, तर ‘हँडब्रेक’ या मोफत प्रणालीने ते आधी 1080पी एच.264 करून घ्यावे.

आणखी एक दोष फार ठिकाणी राहून जातो. विंडोज नव्याने टाकल्यावर ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकलाच जात नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ दिसला, तर चांगले यंत्रसुद्धा रडतखडतच चालणार. ड्रायव्हर फुकट मिळतो.

2010 पूर्वीचे संगणक मात्र बहुधा खरेच थकलेले असतात, आणि यूट्यूबवर एच.264 घेतले की 1080पीच्या वर जाता येत नाही, हे मान्य. पण वर्गातल्या प्रोजेक्टरला त्याहून अधिक लागतेच कुठे?

मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना माझी विनंती आहे: नव्या संगणकासाठी गावापुढे पुन्हा हात पसरण्याआधी ड्रायव्हर आणि कोडेक या दोन गोष्टी तपासा.